खाडीच्या मुखावरचा दीड तास

माझी धाकटी बहीण शाळांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड बेतते. एका वेळी साठ-साठ थर एकावर एक ठेवून कातरायचे असतात. तिथे चूक झाली तर एक सदरा बिघडत नाही, साठ बिघडतात. सत्तावीस वर्षं हे काम केल्यामुळे तिला दोन सवयी जडल्या आहेत. कुणी नुसतं सांगितलं म्हणून ती माप धरत नाही, आणि चुकीचं माप दिसलं की तिचा आवाज चढतो. घरात आम्ही सगळे तिला धाकटीच म्हणतो, आता बावन्न वर्षांची झाली तरी.

पंचेचाळिसाव्या वर्षी ती कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची निमुळती होडी, चालवायला शिकली. घरच्यांनी हसून घेतलं. मीही हसलो होतो. सहा वर्षं सुट्टीच्या दिवशी ती पहाटे वल्हं घेऊन बाहेर पडायची. मग तिघांनी मिळून अख्खा किनारा सव्वीस दिवसांत कयाकने करायचं ठरवलं. बरोबरचा एक दातांचा डॉक्टर. दुसऱ्याचं खेळाच्या सामानाचं दुकान. त्याला सगळे कप्तान म्हणत, कारण पहिल्या दिवसापासून तो तसाच वागत होता. मी शिल्लक रजा काढून सामानाची गाडी रस्त्याने पुढे न्यायची, मुक्कामाची सोय बघायची.

मार्ग धाकटीने आखला. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून, किनाऱ्याच्या वळणावळणाने दोरा लावून, टाचण्या टोचून चार महिने ती मापत होती. वर दर दिवशी दोन-तीन किलोमीटर जास्तीचे धरायची. "कापडाला माया सोडतात तशी," म्हणायची, "उसवायची वेळ आली तर हाताशी असावी." प्रत्येक मुक्कामाशेजारी पेन्सिलने वार लिहिलेला असे.

ही गोष्ट अठराव्या दिवसाची, गुरुवारची. विश्रांतीचा दिवस होता. लॉजच्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत दोन खाटा जोडून त्यावर नकाशा पसरला होता. खिडकीच्या गजांना ओली लाइफ जॅकेटं टांगलेली, पायाखाली वाळू करकरत होती. पुढचा टप्पा बावीस किलोमीटरचा. नऊ किलोमीटरवर एका मोठ्या खाडीचं मुख, चार किलोमीटर रुंद.

कप्तान मोबाइल वर करून म्हणाला, "मॅडम, बदल केलाय. उद्याच ओलांडतोय. सकाळी साडेआठला निघायचं, साडेदहाला मुखाशी. दहा चाळीसला ओहोटी संपते. पाणी थांबलेलं, आपण सरळ पलीकडे. दुपारी दीडला चहा."

"कुणाला विचारून?"

"कोष्टकाला. भरती-ओहोटीचं कोष्टक काय मी छापलंय?"

"ओहोटी संपली म्हणजे मुखातलं पाणी थांबलं, हे कोष्टकात कुठे लिहिलंय ते दाखवा."

कप्तान डॉक्टरकडे बघून हसला. ते हसू माझ्या डोक्यात गेलं. "यांना शाळेत परत घालायला हवं," तो म्हणाला.

धाकटीने चपला घातल्या. "चला. ज्याला माहीत आहे त्याला विचारू."

गाडीने मुखाशी गेलो. तिथल्या धक्क्यावर फेरीबोट चालवणारा म्हातारा दोरखंडाची गाठ सोडवत बसला होता. त्याची बोट दिवसातून आठ वेळा ते मुख ओलांडायची. धाकटीने वेळ विचारली. त्याने मान वर केली नाही.

"धक्क्याला पाणी लागलं तळाला, म्हणून खाडी रिकामी होते होय? आत कोसभर पाणी साठलेलं असतं बाई. ते दीड तास बाहेर पळत राहतं, सगळं या एकाच तोंडातून. अकराला समोरून वारा उठतो. पळतं पाणी आणि समोरून वारा, भिंती उभ्या राहतात भिंती. मी माझी बोट बांधून चहा पितो त्या वेळात. तुमच्या त्या शेंगा कुठे जातील?"

"आणि सव्वाबाराला?" डॉक्टरने विचारलं.

"पाणी थांबेल. वारा थांबेल का?"

"मग कधी जावं?"

"भरती संपल्यावर दीड तासाने. सकाळी, वारा उठायच्या आत."

खोलीत परत येईपर्यंत धाकटीने हिशेब जुळवला होता. शुक्रवारी ती वेळ सहाच्या आत येत होती, म्हणजे इथून अंधारात निघावं लागलं असतं. म्हणून शुक्रवारी सकाळी फक्त नऊ किलोमीटर जायचं, मुखाच्या अलीकडच्या वाळूवर तंबू ठोकायचा आणि शनिवारी पावणेसातला ओलांडायचं. तिच्या नकाशावर पहिल्यापासून शनिवारच होता.

"शक्य नाही," कप्तान म्हणाला. "शुक्रवारी पाच वाजता पलीकडच्या गावच्या समितीने सत्कार ठेवलाय. हॉल घेतलाय. पाहुणे येताहेत."

"सत्कारासाठी बुडायचं?"

"बुडायचं काय बुडायचं! एका म्हाताऱ्याच्या गप्पांवर मोहीम चालवायची का? अहो, तो वेळ नाही, भीती विकतो. डॉक्टर, तुम्ही बोला."

डॉक्टर बुटाची नाडी बांधत होता. एकच नाडी, बराच वेळ. "तसं बघितलं तर," तो म्हणाला, "दोन्ही बाजूंत तथ्य आहे."

माझी कानशिलं तापली. पाऊण तासापूर्वी हाच माणूस त्या म्हाताऱ्यासमोर उभा होता, त्यानेच प्रश्न विचारले होते. सरळ खोटं बोलणाऱ्याचा राग मी एक वेळ आवरतो. पण सगळं ऐकून-समजून नाडी बांधत बसणाऱ्याचा राग आजही आवरत नाही.

धाकटीने विचारलं, "शुक्रवारची वेळ दिली कुणी त्यांना?"

 कप्तानने नुसतं माझ्याकडे पाहिलं.

"मी दिली," मी म्हणालो.

"तू?"

"मंगळवारी. कप्तान म्हणाले शुक्रवार कळवून टाका, म्हणून मी फोन करून..."

"कप्तान म्हणाले!" तिचा आवाज जिन्यापर्यंत गेला असणार, कारण खालचा मॅनेजर दाराशी डोकावून गेला. "दादा, तेहतीस वर्षं ऑफिसात सहीशिवाय एक कागद पुढे सरकवला नाहीस तू. घरात गॅसची पावती सापडली नाही तर जेवण सोडतोस. आणि समुद्राची वेळ परस्पर देऊन मोकळा? नकाशावर शनिवार लिहिलाय. माझ्या अक्षरात. वाचता येतं ना तुला?"

मला वाचता येत होतं. मी पाहिलंच नव्हतं. समितीच्या माणसाने नक्की वेळ मागितली, आणि नक्की वेळ देता आली याचंच मला समाधान झालं होतं. आयुष्यभर मी हेच केलं होतं. समोरच्याने तारीख मागितली की तारीख द्यायची, वर कळवल्याची नोंद ठेवायची. बहिणीला एक शब्द विचारायचं सुचलं नाही, कारण कप्तान पुरुष होता आणि मोठ्याने बोलत होता. दुसरं काही कारण मला आजतागायत सापडलेलं नाही.

"मी उद्या मुखात उतरणार नाही," धाकटी म्हणाली. "तुम्ही जा. पण मग माझा किनारा इथेच तुटला. मधला तुकडा गाडीत बसून गेले तर तो अख्खा किनारा नाही. सहा वर्षं मी यासाठी घालवली, कुणाच्या हॉलसाठी नाही."  

मी फोन काढला आणि तिथेच, सगळ्यांसमोर, समितीच्या चिटणिसांना लावला.

"शुक्रवारचा कार्यक्रम रद्द करा."

"अहो, असं कसं? पाहुण्यांना कळवून झालंय. नवी वेळ तरी द्या."

"वेळ देता येत नाही. पोचल्यावर फोन करू."

"कुणी रद्द केलं म्हणून सांगू?"

"माझं नाव सांगा."

कप्तान उठून उभा राहिला. "तुम्ही कोण रद्द करणारे? गाडी चालवायला आणलंय तुम्हाला!"

"ज्याने कळवलं त्यानेच रद्द केलं," मी म्हणालो. "आणि गाडी मीच चालवतो, तर सामान शनिवारीच पलीकडे पोचेल. तुम्ही उद्या गेलात तर ओल्या कपड्यांत बसा चोवीस तास."

तो मला बरंच काही बोलला. ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण सत्कारच उरला नाही म्हटल्यावर शुक्रवारची घाई कुणासाठी करायची, हे त्यालाही कळत असावं. डॉक्टरची नाडी तेवढ्यात बांधून झाली. "मग मी शनिवारी," तो म्हणाला.

शनिवारी पावणेसातला तिघे मुखात शिरले. मी पलीकडच्या उतारावर गाडी लावून दुर्बिणीतून पाहत होतो. पाणी तेलासारखं सपाट. पन्नास मिनिटांत ते पलीकडे लागले. अंगावर साधा तुषार नाही.

नऊ-साडेनऊला मुक्कामाला पोचल्यावर कप्तानने कयाक वाळूवर ओढली आणि मोठ्याने हसला. "बघितलंत? तळं होतं तळं! उगीच एक दिवस घालवला. काल सहज झालं असतं."

माझा तोल गेला. मी काहीतरी ओरडणार, तोच धाकटीने माझा दंड धरला. तिचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज चढला नाही. मला वाटतं, तो चढला असता तर बरं झालं असतं.

"परवा पुढची खाडी आहे," ती कप्तानला म्हणाली. "तिथली वेळ तुम्ही विचारून यायची. कोष्टकाला नाही, माणसाला. नाहीतर मार्ग तुमचा तुम्ही आखा. नकाशा माझा आहे, तो मी घेऊन जाईन."

कप्तान डॉक्टरकडे वळला. डॉक्टर या वेळी बुटात नव्हता, अनवाणी होता, त्यामुळे त्याला खाली बघायला काही मिळालं नाही. "जा ना," तो म्हणाला, "विचारायला काय जातंय?"

पुढच्या खाडीला कप्तान गेला. मी गाडीतून पाहिलं. मासे निवडत बसलेल्या एका बाईसमोर तो बराच वेळ उभा होता. तिने दोनदा हाताने त्याला बाजूला व्हायला सांगितलं, तो उन्हाच्या आड येत होता. मग ती काहीतरी बोलली. तो परत आला आणि नकाशाकडे न बघता म्हणाला, "पाऊण तास. इथे पाऊण तासच."

धाकटीने पेन्सिलीने लिहून घेतलं. त्याला शाबासकी दिली नाही, आणि टोमणाही मारला नाही. मला मात्र दोन-तीन चांगले सुचले होते.