उदगीरची बिनगिलाव्याची हवेली

“बघायचं तर या आठवड्यात बघ,” मैत्रिणीचा फोन आला. “आप्पाकाका सोमवारी हवेलीला गिलावा करताहेत.” झालं, माझी झोप उडाली. रविवारीच नांदेडहून कंधार-जांबमार्गे उदगीरची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, रस्त्याला मात्र खड्डे पूर्ण. उदगीर स्टँडवर भिजवलेल्या मुरमुऱ्यांची सुशीला छान मिळते, पण खायला थांबले नाही.

बिदर रस्त्याला हवेली दिसली. अंगणात सिमेंटची पोती! वर मात्र लाल विटांच्या टोकदार कमानी, अष्टकोनी मनोरा, भाजक्या मातीची फुलं. इंग्रजांनी जुन्या चर्चची नक्कल केली, ती हैदराबादेत पाहून आप्पांच्या धान्यव्यापारी आजोबांनी नकलेची नक्कल केली. फक्त कळसावर क्रूसाऐवजी नंदी बसवला. मी खुळ्यासारखी बघत राहिले.

“आप्पा, गिलाव्याआधी विटांवर छिन्नीने टाचे मारतील, गिलावा धरावा म्हणून. एकदा वीट फुटली की गेली हो,” मी मैत्रिणीच्या काकांना म्हटलं.

“ताई, गुरुवारी पोरीकडचे घर बघाया येऊन राहिलेत. मागचे पाहुणे फाटकातूनच माघारी गेले. म्हनले, ज्याला गिलावा जमंना तो पोरगी काय सांभाळनार? पोरगं चौतिशीत हाय.”

विटांसाठी कुणाचं लग्न मोडा म्हणू? तरी जाताना म्हणालेच, “थोडं थांबता आलं तर...”

“बघू,” आप्पा म्हणाले. आमच्याकडे ‘बघू’ म्हणजे बहुतेक नाहीच. परतीच्या वाटेवर प्रत्येक खड्ड्याला मला टाच्याचा आवाज ऐकू येत होता.

शुक्रवारी आप्पांना फोन लावला.

“जमलं, ताई!”

“आणि विटा?”

“हायत की. समोरून अख्खा फ्लेक्स लावला, माझ्या वाढदिवसाचा.”

“तुमचा वाढदिवस तर दिवाळीत!”

“पाव्हन्यांना काय म्हाईत? लई मोठा मानूस हाय म्हनून गेले.”

मी हसले, पण धास्ती गेली नाही. “सून आल्यावर?”

“तवा फ्लेक्स उतरवनार. तिला न्हाई पटलं तर गिलावा. घर तिचं हाय.”

पत्रिका आली आहे. मी जाणार आहे, अर्ध्या तिकिटात. तुम्हीही हवेली बघायला जाणार असाल तर लग्नाआधी गेल्यास फ्लेक्सवरचा आप्पांचा हसरा चेहराच दिसेल. त्यानंतर काय दिसेल, ते मी अजून पाहिलेलीही नाही अशा एका मुलीच्या हातात आहे. फ्लेक्स उतरेल तेव्हा मी विटांकडे बघणार नाही, तिच्या तोंडाकडे बघेन.