भावजींची पिकदाणी

दिनकरभावजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी शेडवर बायकांबरोबर बेदाणा निवडत होते. मुलगा मिरजेच्या दवाखान्यातून बोलत होता. "आई, काका गेलं गं. झोपेतच गेलं," एवढंच म्हणाला. मी हातातली मूठ तशीच खाली ठेवली. मला रडू यायच्या आत पलीकडची एकजण सुस्कारा टाकून म्हणाली, "पिनाऱ्याचं असंच असतंय बाई." … माणूस अजून घरी आणायचा होता आणि हिनं निकाल देऊन टाकला! मी म्हटलं, "तुझा नवरा रोज गटाराच्या कडंकडंनं घरी येतोय, त्येचं कसं असतंय त्ये आदी बग." रडायच्या वेळी भांडण काढलं म्हणून घरच्यांनी मला नावं ठेवली. ठेवू देत. भावजींचं हृदय थकलं होतं, डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय. वाईनचा घोटसुद्धा त्यांच्या पोटात कधी जात नव्हता. पण चाखणं आणि पिणं यातला फरक ज्या गावाला इतक्या वर्षांत समजला नाही, त्या गावाला डॉक्टरचा कागद काय समजणार?

आता पाहुणे पांगलेत, सतरंज्या परत गेल्यात, म्हणून लिहायला बसले. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं जे काही शिकले ते तुमच्यासारखंच पेपरच्या पुरवण्या वाचून. तेव्हा थोडं इकडंतिकडं होईल, सांभाळून घ्या.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. पुण्यात मोठ्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होते. विषय किण्वनाचा, म्हणजे आंबवण्याचा. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्यांना विचारलं होतं, नेमकं करता काय? तर म्हणाले, "वयनी, तुमी पीठ आंबवता, मी औषदं आंबवतो. तुमचं फुगतं, माजं लई वेळा फसतं." त्यांनी स्वतः लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर तासगावकडच्या आमच्या मळ्यात राहायला आले, ते पुस्तकांची खोकी आणि लांब दांड्याचे काचेचे पेले घेऊन. आणि एक छंद घेऊन. देशातल्या, परदेशातल्या वाईन चाखायच्या आणि एका इंग्रजी मासिकात त्यांचं बरंवाईट लिहायचं. खरं सांगते, मला हा छंद पहिल्या दिवशी फालतू वाटला आणि आजही फालतूच वाटतो. द्राक्षाच्या एकेका घडासाठी आमची माणसं पहाटे औषध मारतात, गारपिटीला घाबरून देव पाण्यात ठेवतात, आणि शेवटी त्याचं काय करायचं? तर आंबवायचं, बाटलीत भरायचं, हुंगायचं आणि थुंकायचं!

होय, थुंकायचं. ही त्यांची कामाची रीत. सकाळी जीभ ताजी असते म्हणून न्याहारीच्या आधी बसायचे. त्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरावर संचारबंदी. "वयनी, लसनाची फोडनी जरा दुपारी द्या." उदबत्ती नाही, डोक्याला वासाचं तेल नाही. एकदा सून मोगरा माळून आली तर तिला अंगणात काढली. पेला कलता धरायचे, नाक आत खुपसायचे, घोट घेऊन गुळणीसारखा घोळवायचे आणि मग सासूबाईंच्या पितळी पिकदाणीत टाकायचे. सासूबाईंना पान-तंबाखूची सवय होती. त्या गेल्यावर ती पिकदाणी माळ्यावर पडली होती. भावजींनी ती शोधून काढली, चिंचेनं घासून लख्ख केली आणि टेबलावर मांडली. एवढा शिकलेला माणूस, आणि हत्यार कुठलं, तर आईची पिकदाणी.

आमच्या ह्यांना ते बघवत नसे. हे फौजेतून सुभेदार होऊन आलेले. संध्याकाळी कॅन्टीनच्या रमचा एक पेग, एका दमात, डोळे मिटून. त्याला गावात कुणी दारू म्हणत नाही. ती 'दवा'. पेन्शनीत आलेल्या प्रत्येक फौजीच्या घरी ही दवा असते आणि प्रत्येकजण धडधाकट असतो, हेही एक नवलच. तर हे दवा घेणारे, आणि भावजी दारुडे! "दिन्या, थुकायचंच हाय तर तोंडात घेतोस कशाला रं?" हे विचारायचे. "चव तोंडात असती दादा, पोटात न्हाई." "मग पोटानं काय पाप केलंय? फौजंत थेंब सांडला असता तर दंड बैठका काढाय लावल्या असत्या तुला." भावजी हसायचे. म्हणायचे, "गिळनाऱ्याला चव इचारू न्हाई, दादा. त्येला परत प्यायचीच असती."

लिहिलेलं मला मराठीत करून वाचून दाखवायचे. अमुक वाईनला जुन्या चामड्याचा वास आहे. मी म्हणायचे, मग पायताण हुंगा की, बाटली कशाला फोडायची? अमुक वाईनमध्ये पावसात भिजलेला दगड आहे. दगड! अमुक वाईनमध्ये काळ्या कुठल्याशा परदेशी बोराची आठवण आहे. मी विचारलं, ते बोर वाचणाऱ्यांनी खाल्लंय का? म्हणाले, बहुतेकांनी नसेल. मग कुणाला सांगताय? तर मिस्कील हसून म्हणाले, "वयनी, तुमी सोर्ग बगितलाय व्हय? तरी कीर्तनात मान हलवताच की." … मी ताकाला रवी लावली.

आता त्या दिवसाचं सांगते, ज्याच्यासाठी हे सगळं लिहितेय. आमच्या भागात एक पुढारी आहेत. कशाचे चेअरमन होते हे आता त्यांनाही आठवत नसेल, पण सगळे त्यांना चेअरमनच म्हणतात. त्यांनी वाईनचा कारखाना काढला. गावोगाव सभा घेतल्या, आणि आमच्यासारख्या कितीजणांनी खायच्या द्राक्षाच्या बागा काढून वाईनच्या द्राक्षाच्या लावल्या. ही द्राक्षं बारकी, जाड सालीची, बियांची. बाजारात कुणी हुंगत नाही, बेदाण्यालाही चालत नाहीत. कारखान्यानं घेतली तर सोनं, नाहीतर शेळ्यांना. पहिली वाईन तयार झाली तेव्हा चेअरमननी साताऱ्याला हायवेवरच्या मोठ्या हॉटेलात दुपारचं जेवण ठेवलं आणि भावजींना पाहुणे म्हणून बोलावलं. शास्त्रज्ञ, शिवाय भूमिपुत्र. आम्हा दोघांनाही गाडी पाठवली. माझं माहेर वाईचं, म्हटलं येताना भावाकडंही डोकावून येऊ.

काय ती माणसं होती! एक बिल्डर, त्याची बायको, दोन-तीन कारखानदार, गळ्यात रुमाल बांधलेला एक पत्रकार. सगळ्यांनी पेल्याची दांडी चिमटीत धरलेली, आणि ज्याला त्याला दुसऱ्याकडं बघून कळायचं की आता हुंगायचं, आता हलवायचं. चेअरमननी मान डोलावली की सगळ्यांच्या माना डोलायच्या. बिल्डरीणबाई म्हणाल्या, "फारच फुलांसारखी आहे नाही?" मी बशीतली काकडी खात त्यांच्याकडं बघत बसले. काकडी ताजी होती, एवढं मात्र खरं.

भावजींनी पिशवीतून पिकदाणी काढली. बिल्डरीणबाईंनी नाकाला रुमाल लावला. भावजींनी हुंगलं, घोट घेतला, घोळवला, टाकला. परत हुंगलं. चेअरमननी त्यांच्यापुढं माइक धरला. "सांगा डॉक्टरसाहेब, आपल्या मातीची चव!" भावजी शांतपणे म्हणाले, "हिला नेलपॉलिशचा वास येतोय." लोक हसले, त्यांना वाटलं कौतुकच आहे. चामडं, दगड, तसंच नेलपॉलिश! बिल्डरीणबाईंनी तर आपली नखं बघितली. तेव्हा भावजींनी समजावून सांगितलं. टाक्या नीट धुतल्या नाहीत. वाईनचं व्हिनेगर होऊ लागलंय. "द्राक्षं चांगली होती. माझ्या भावानं पिकवलीत, मी बघितलीत. हा माल विकू नका, टाक्या धुवा, पुढच्या साली मी स्वतः उभा राहतो." … चेअरमनचं तोंड असं झालं, जणू त्यांनी ती वाईन पहिल्यांदाच चाखली होती.

परतीची गाडी सरळ घराकडं आली. माझं वाईला डोकावणंही राहिलं. घरी आल्यावर हे एवढंच म्हणाले, "दिन्या, आपल्याच ताटात थुकलास." भावजी म्हणाले, "दादा, त्येनी नाक हाय म्हनून बोलावलं हुतं. नाक घरात ठिवून जायचं हुतं का?" हे उठून गेले. पुढच्या सुगीला चेअरमननी गावाची द्राक्षं नाकारली. "तुमच्या शास्त्रज्ञाला विका," म्हणाले. आणि गावानं कुणाला शिव्या दिल्या? टाक्या न धुणाऱ्याला? छे! त्याच्या घरासमोरून जाताना सगळ्यांच्या टोप्या हातात. शिव्या भावजींना. दारुड्यानं गाव बुडवलं, म्हणे. चेअरमननीच तो शब्द सोडला आणि गावानं तो प्रसादासारखा वाटून खाल्ला. कारखाना पुढं आपल्याच आंबटपणानं बंद पडला, बाटल्या टेम्पो भरभरून परत आल्या, तरी शब्द काही परत आला नाही. ह्यांनी बाग स्वतःच्या हातानं काढून टाकली. दोघं भाऊ एका अंगणात राहायचे, पण बोलणं माझ्यामार्फत. "त्येला म्हनावं, लाइट आलीया." "दादाला म्हनावं, दिसतंय." पुढं थोडं सैल झालं, पण त्या दिवसाविषयी हे कधी बोलले नाहीत. आणि भावजी त्याचीच वाट बघत होते, हे मला माहीत होतं.

मिरजेला शेवटचं भेटले तेव्हा मी मऊभात आणि मेतकूट नेलं होतं. मागच्या एका तापात त्यांना वास येणं बंद झालं ते परत सुरू झालंच नव्हतं. डबा उघडून नाकाशी धरला आणि म्हणाले, "वयनी, कशाचा वास येतोय?" मी म्हटलं, "मेतकुटाचा. आणखी कशाचा येणार?" म्हणाले, "बगा की नीट." मी परत हुंगलं. मेतकूटच. तर इतके हसले, की नर्स धावत आली. मग पाणी पिऊन म्हणाले, "दादा कायच म्हनला न्हाई का?" मी म्हटलं, येणारेत उद्या. … उद्या हे निघायच्या आधीच फोन आला.

तेराव्याला चेअरमन आले. पांढरेशुभ्र, दोन माणसं मागं. मांडवात भाषण केलं, "डॉक्टरसाहेबांनी आपल्या भागाला वाईन प्यायला शिकवली." आमच्या भागाला प्यायला शिकवावं लागतं, हे मला त्या दिवशी कळलं! जेवणं झाल्यावर आत आले, ह्यांच्यासमोर बसले आणि पिशवीतून बाटली काढली. तेराव्याच्या घरात बाटली! बाटलीवर भावजींचा फोटो, हातात पेला घेतलेला, कुठल्याशा मासिकातून उचललेला. खाली ठळक अक्षरांत त्यांचं नाव. "वहिनीसाहेब, नवा कारखाना काढतोय. ह्यो मान त्यांचाच. तुमा घरच्यांचा होकार पायजे फकस्त. सुभेदारसाहेब, भावाचं नाव अमर होतंय बगा."

मुलगा माझ्याकडं बघायला लागला. मी ह्यांच्याकडं. मानाला भुलणारे आहेत हे, छातीवरची पदकं अजून पुसून ठेवतात. मी भावजींच्या खोलीत गेले, एक पेला आणला, पिकदाणी आणली आणि दोन्ही टेबलावर ठेवलं. चेअरमन म्हणाले, "हां, हां, घ्या की चव!" आणि स्वतःच ओतली. आधी त्यांनी प्यायली, गटकन, सवयीप्रमाणं. "फस्क्लास!" मग पेला ह्यांच्यापुढं आला.

ह्यांनी तो उचलला. वाटलं, झालं, आता डोळे मिटून एका दमात. पण ह्यांनी पेला कलता धरला. नाक आत घातलं, बराच वेळ. घोट घेतला, गाल फुगवून घोळवला. थेंब सांडू न देणारा हा माणूस मग पुढं वाकला आणि आईच्या पिकदाणीत थुंकला. मिशा पुसल्या.

"न्हाई," म्हणाले.

"काय न्हाई, सुभेदार?"

"नाव न्हाई. दिन्याचं नाव ह्येच्यावर लागायचं न्हाई. उचला बाटली."

चेअरमन आणखी काही बोलू लागले तर ह्यांनी कानातलं यंत्र काढून खिशात घातलं. तो विषय तिथं संपला. नेलपॉलिशचा वास होता की नव्हता हे मी विचारलं नाही. ह्यांच्या नाकाला तो कळला असेल असं मला वाटतही नाही. रमनं सगळं जळालंय तिथलं.

पिकदाणी परत भावजींच्या खिडकीत ठेवलीय. मीच घासते चिंचेनं. संध्याकाळी हे तिथंच खुर्ची टाकून आपला पेग घेऊन बसतात. पण आता एका दमात घेत नाहीत. आधी पेल्यात नाक घालतात आणि खूप वेळ तसेच बसतात. परवा मी विचारलं, "आवं, कशाचा वास येतोय?"

"रमचा," म्हणाले. "आनि कशाचा येनार?"

मी म्हटलं, "बगा की नीट." … आणि त्यांनी परत नाक घातलं.