तीन खाटांची खोली

आपण राहतो त्याच गावात लॉज शोधायची वेळ फारशी कुणावर येत नाही. माझ्यावर आली. नांदेडात आमचं स्वतःचं घर आहे. वरच्या खोलीत पलंग आहे, गादी आहे, धुतलेली चादर कायम घडी करून ठेवलेली असते. तरीही मी भर उन्हात पर्स खांद्याला अडकवून लॉजच्या पायऱ्या चढत-उतरत होते, आणि खोली हवी होती ती माझ्या आईवडिलांना.

कारण एवढंच, की अप्पा माझ्या घरचं पाणी पीत नव्हते.

आमच्याकडची ही जुनी रीत आहे. लेक दिली की आईबापांनी तिच्या घरी अन्नपाणी घ्यायचं नाही. तिला मूल झालं, की मग नातवंडाच्या हक्कानं पंगतीला बसायचं. बहुतेकांच्या घरी ही अडचण वर्ष-दोन वर्षांत आपोआप मिटते. माझ्या लग्नाच्या मांडवात अप्पा माझ्या सासऱ्यांना हसत म्हणाले होते, "पाळणा हलू द्या, मंग बगा. तुमच्या घरचं पाणी काय, अख्खी हीर पितो." मांडव हसला होता. पाळणा काही हलला नाही. लातूरचे दवाखाने झाले, हैदराबादचा झाला, देवदेव झालं, आणि शेवटी मी आणि माझ्या नवऱ्यानं तपासण्यांचे कागद उचलून कपाटावर टाकले. अप्पा मात्र वर्षातून दोन-तीनदा येत राहिले, पाण्याची बाटली गावाहून भरून घेऊन. ओट्यावर बसायचे, जावयाशी पीकपाण्याचं बोलायचे, आपल्याच बाटलीतला घोट घ्यायचे आणि दुपारच्या एसटीनं परत फिरायचे. आई शेजारी तशीच कोरड्या तोंडानं बसायची.

मला त्या बाटलीचा संताप यायचा. ओट्यावर ती ठेवली, की माझ्या रिकाम्या घराची दवंडी पिटल्यासारखं वाटायचं. शेजारच्या बाया बघायच्या, समजायचं ते समजायच्या. अप्पा आले की मी भांडी जरा जास्तच आपटायची.

अशात अप्पांच्या घशात गाठ निघाली. लातूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, गाठ चांगली नाही, किरणांचा शेक द्यावा लागेल, रोज, काही आठवडे. शेकासाठी त्यांनी नांदेडच्या दवाखान्याचं नाव दिलं. निलंग्याच्या पलीकडून, कर्नाटकाच्या सीमेलगतच्या गावातून रोज कोण ये-जा करणार? आणखी एक गोष्ट डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले. पुढे पुढे गिळणं अवघड होत जाईल, पाणीसुद्धा. बाकी सगळं नंतर कानात शिरलं. आधी मनात आलं ते हे, की आता प्यायले नाहीत, तर अप्पा माझ्या घरचं पाणी कधीच पिणार नाहीत.

मी फोनवर म्हटलं, "अप्पा, आता तरी घरी राहा."

"लॉज बग बाई एखादा," अप्पा म्हणाले. आवाज तेव्हाच बसायला लागला होता. "खालच्या मजल्यावर बग. संडास खाली बसायचा पायजे, खुर्चीवाला नको. शेजारी दारूचं दुकान नको. आन् खोलीत तीन खाटा पायजेत."

"तिसरी कुणाला?"

"लागतीय."

भाऊ अधूनमधून येईल, त्याच्यासाठी असेल, असं मी धरून चालले आणि रागारागानं फोन ठेवला.

आमच्याकडे हॉटेल म्हणजे चहा-भजी खायची जागा. राहायचं ते लॉज, आणि लॉजमध्ये एकटी बाई शिरली, की काउंटरवरचा माणूस आधी तिच्या मागे कोण आहे ते बघतो. पहिल्या ठिकाणी माझ्या मागे कुणीच नव्हतं. त्यानं विचारलं, "किती तासांसाठी?" मी म्हटलं, "काही आठवड्यांसाठी." त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. दुसऱ्यानं माझं आधार कार्ड उलटंपालटं करून परत दिलं. "पत्ता नांदेडचाच हाय ताई. लोकलला खोली देत न्हाई आमी. सोताचं घर सोडून लॉजवर कामून राहायचं?" मलाही नेमका हाच प्रश्न पडला होता, पण तो त्याच्यापाशी सोडवत बसण्यात अर्थ नव्हता. गुरुद्वाऱ्याकडच्या खोल्या स्वच्छ होत्या, पण तिथं यात्रेकरूंची गर्दी आणि दवाखाना लांब. एका ठिकाणी सगळं जमत होतं, तर खोली तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. कधीपासून, ते त्या मॅनेजरलाही आठवत नव्हतं.

शेवटी नवऱ्यानंच मार्ग काढला. त्याच्या मावसभावाचं लॉज दवाखान्याच्याच रस्त्याला होतं. नवं बांधकाम, खालची खोली, गरम पाणी, जिन्याखाली तुळशीची कुंडी. तिसरी खाट टाकून द्यायला तो लगेच तयार झाला. मी खोली बघितली, उशीचे अभ्रे घरून आणून घातले. आपण हे काम फार नीट केलं, असं मला त्या दिवशी वाटलं.

अप्पा आणि आई एसटीतून उतरून आले. दारातच मावसभाऊ हात जोडून उभा. "या मामा, आपलंच घर समजा. पैशाचं नाव काढू नका, तुमी पाव्हणे हात आमचे." मागोमाग ट्रेमध्ये पाण्याचे पेले आले.

अप्पांनी पेल्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बाई, हे तर तुझ्या सासरचंच पाणी हाय की."

मावसभाऊ म्हणाला, मग पैसे घेतो. पण पाहुणा म्हणून पुढं केलेला पेला पैसे घेऊन परक्याचा होत नाही, एवढं आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. मला तेवढं आधी सुचलं नव्हतं. अप्पांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, पिशवी उचलली आणि ते बाहेर पडले. त्यांच्यामागे आई, आईच्या मागे मी. रस्त्यावर आल्यावर माझा तोल सुटला.

"अप्पा, सगळ्या नांदेडला नदीचंच पाणी येतं, विष्णुपुरीच्या धरणातून. माझ्या नळाला तेच आन् तुमच्या लॉजच्या नळालाबी तेच. कुठं कुठं पळताल?"

"नळाला येतंय ते नदीचं," अप्पा शांतपणे म्हणाले. "पेल्यात येतंय ते घरचं."

मी रिक्षा थांबवली.

बसस्टँडजवळच्या एका जुन्या लॉजमध्ये खोली मिळाली. पोपटी रंगाच्या भिंती, फिनेलचा वास, कुरकुरणारा पंखा. संडास खाली बसायचा. आणि कसं कोण जाणे, लोखंडी खाटा तीन. मॅनेजर वयस्कर होता, अर्धं मराठी, अर्धं उर्दू बोलायचा. अप्पांचा घसा बघून त्यानं काही विचारलं नाही. "बेफिकीर राहा बाबा. शेगडी लावा, फक्त पडदा जपा," एवढंच म्हणाला. अप्पांनी आधी आगाऊ रक्कम भरली, मग ते काउंटरवरचाच पेला उचलून पाणी प्यायले. घोट उतरताना त्यांनी डोळे मिटले. तेव्हाही दुखत होतं.

मी शिकवते ती शाळा सकाळची. सुटली की मी दवाखान्यात जायची, अप्पांचा शेक झाला की तिघं मिळून लॉजवर यायचो. वाटेत मी अर्धापूरची केळी घ्यायची, पिकून काळे ठिपके पडलेली, कुस्करून खायला मऊ. अप्पा रोज विचारायचे, "घरून आणलीस का बाजारातून?" बाजारातून म्हटलं की हात पुढं व्हायचा.

पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "तिसरी खाट उगीच घेतली. भाऊ तर रविवारचा येणार, तोबी परत जाणार."

"त्याच्यासाठी कुणी घेतलीय?" अप्पा म्हणाले. "ही खोली माझी. पैसे मी भरलेत. मंग हे तुझं माहेर झालं का न्हाई? लेक आली तर पडायला जागा नको का तिला?"

मी तोंड फिरवून पिशवीतली केळी काढत बसले. गावी माहेरपणाला जाणं मी बऱ्याच वर्षांपूर्वी सोडलं होतं. तिथं प्रत्येक दारात एकच चौकशी व्हायची, आणि मला ती सोसवत नसे. येत नाही म्हणून अप्पांनी कधी बोल लावला नव्हता. मला वाटायचं, त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

आईनं मला ताटलीत पेज वाढली, वर लोणच्याची फोड. अप्पा म्हणाले, "पड आता घडीभर." मी पडले. माहेरची झोप दुपारची असते, तिला कुणी हाका मारत नाही. जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती. पंख्याचा कुरकुराट बंद होता, आई पदरानं मला वारा घालत होती, आणि अप्पा बाहेर व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. पंख्याच्या आवाजानं मी उठेन म्हणून त्यांनीच तो बंद करायला लावला होता. उकाड्यानं मी घामाघूम झाले होते. पण अशी झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती, हे खरं.

मग हे रोजचंच झालं. दवाखाना, केळी, पेज, झोप. अप्पा वाळत चालले होते, गळ्याची कातडी काळी पडली होती, आणि तरी त्या पोपटी खोलीत मी सुखी होते. हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

शेक संपत आले तेव्हा एका दुपारी मी विचारलंच. भांडायचं नव्हतं, नुसतं विचारायचं होतं. "अप्पा, कामून न्हाई पीत माझ्या घरचं पाणी? तुमी मला शिकवलंत. गाव काय म्हणंल म्हणून तुमी कवा भ्यालात? मंग ह्या एकाच रीतीला काय सोनं लागलंय?"

त्यांना बोलायला त्रास व्हायचा. थांबत थांबत बोलले.

"रीतीचं काय न्हाई गं. मांडवात बोलून गेलतो, पाळणा हलला की पितो. मंग वाटायचं, आता आपण पिलो, तर बाईला वाटंल, बापानं आशा सोडली. म्हून बाटली वागवत राहिलो."

ज्या बाटलीला मी दवंडी म्हणत होते, ती त्यांनी माझ्यासाठी धरून ठेवलेली आशा होती. मला हसू येत होतं की रडू, तेच कळेना.

"अप्पा, मी तर ती कवाच सोडलीय. तुमी एकटेच धरून बसलात."

"कवा सोडलीस?"

"लई दिवस झाले."

अप्पा माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मला सांगायचं की, बाई."

आई शेगडीवरची पेज ढवळत होती.

शेवटचा शेक झाला. भाऊ गावाहून जीप घेऊन आला. सामान भरून झालं, मॅनेजरनं अप्पांना खांद्याला धरून आत बसवलं, आणि जीप सुरू होताना अप्पांनी भावाला खुणेनं सांगितलं, की आधी हिच्या घरी घे.

ओटा आला, तिथं ते थांबले नाहीत. भावाचा हात धरून उंबरा ओलांडून आत आले आणि खुर्चीवर बसले. माझा नवरा एका बाजूला उभा, बसायचंही विसरलेला. अप्पांनी हाताची ओंजळ करून मला दाखवली. मी आत गेले. माठातून पेला भरताना निम्मं पाणी माझ्याच पायावर सांडलं.

त्यांनी पेला दोन्ही हातांनी धरला. पहिला घोट तोंडात बराच वेळ राहिला. गळ्याची शीर ताठ झाली, ठसका लागला आणि बरंचसं पाणी सदऱ्यावर आलं. मी पदरानं हनुवटी पुसली.

"गेलं का?" आईनं विचारलं.

अप्पांनी मान हलवली. होय, गेलं थोडं.

"मंग मलाबी दे," आई म्हणाली.

मी पेला दिला. तिनं उभ्या उभ्या तो एका दमात संपवला आणि पुढं केला. दुसराही संपवला. तिसऱ्याला जरा थांबून, तोंड पुसून म्हणाली, "इतकी वर्षं ह्या ओट्यावर तहान मारून बसले मी. ह्यांचा शबुद ह्यांच्यापाशी, पर मला कुणी इचारलंय का?"

अप्पा हसले. घशातून आवाज निघाला नाही, नुसते खांदे हलले. ते त्यांचं मी बघितलेलं शेवटचं हसू. ज्वारी हुरड्याला आली तेव्हा अप्पा गेले.

आता आई नांदेडला येते. वरच्या खोलीत राहते, आठवडा आठवडा. दुपारी मला झोप म्हणते आणि पंखा बंद करायला उठते, मी तिला ओरडते. बसस्टँडवरून जाताना ते लॉज दिसतं; मॅनेजर बाहेर असला तर हात वर करतो.

तहान लागली की आई हाक मारते. माठ तिच्या खाटेशेजारीच ठेवलाय, पेलाही वर पालथा घातलेला असतो. मी म्हणते, "घे की हातानं." ती घेत नाही. मी खालून येईपर्यंत वाट बघत बसते.