मैत्रेयी येळवशीला जन्मली

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हनत्यात. मी घेते. व्यंकट. त्यानं माझ्या लेकीची जन्मतारीख शाळेत खोटी सांगितली, आन् पुढं जे केलं ते तर इचारूच नका. मी भागाबाई. मला लिव्हता-वाचता येत न्हाई, पर आपलं लेकरू कवा झालं हे सांगायला बाईला शाळा लागत न्हाई.

मैत्रेयी येळवशीला जन्मली. मार्गशीर्षाची अवस. आमच्या मुडबीकडं त्या दिवशी गावात कुनी राहत न्हाई, सगळी शेतात जेवायला. आमी बुद्धाचे झालो तशी पूजा सोडली, पर भज्जी-आंबिलीचं जेवन कामून सोडावं? माझे दिवस भरत आलते, तरी आंबिलीचं गाडगं डोक्यावर घेऊन गेले. ताटं वाढली आन् कळा सुरू झाल्या. शेजारच्या शेतातून धनगराची अंबुबाई पळत आली. ज्वारीत कडब्याची खोप केलती, तिथंच लेक झाली. बाहेर व्यंकट येनाऱ्या-जानाऱ्याला जेवा म्हनून बसवायलाता. म्हंजे त्यालाबी म्हायती होतं. चांगलं म्हायती होतं.

पोरगी साडेपाचाची झाली तवा ह्यो शाळेत नाव घालायला गेला. गुरुजींनी तारीख इचारली, ह्यानं छाती फुगवून सांगितलं, चौदा एप्रिल. आदल्या सालीच थोरल्या बुद्धरत्नचीबी हीच सांगितलती, आन् तो तर पोळ्याचा! मी म्हनले, "अवो, पोळा कुठं, येळवस कुठं, आन् चौदा एप्रिल कुठं?" तर म्हनला, "तुला काय कळतंय? आपल्याला अवस-पुनव कशाला पायजे? बाबासाहेबाचा दिवस तो आपला दिवस." गल्लीतल्या बाया मला हसायच्या, "भागाबाई, तुझी लेकरं बरी दिवस निवडून येत्यात गं!"

बरं, तारीख बदलली ती बदलली, सालबी हललं. पोरीचं वय भरत न्हाई म्हनून साल मागं घेतलं, पोराचं पुढं गेलं. पोरगा कागदावर आठ म्हयन्यानं ल्हान झाला, पोरगी आठ म्हयन्यानं मोठी. खोटं बोलतानाबी फायदा पोराचाच. वा रं नशीब!

पोरगी लई हुशार. बी.ए. केली आन् डोक्यात घेतलं, पोलिसात जायचं, ते बी साहेब होऊन. तांबडं फुटायच्या आधी हायवेच्या कडंनं पळायची. लोक म्हनायचे, व्यंकटची पोरगी कुनाच्या मागं पळायलीय? दिवसभर खाजगी शाळंत शिकवायची, मग पुस्तक. स्थळं आली, तिनं नको म्हनलं. एकदा थोड्या मार्कानं हुकली. एकदा भरतीच लांबली. आन् बघता बघता वयाची अट आडवी आली. कागदावरचं वय धरलं तर खेळ खलास. खरं वय धरलं तर अजून एक भरती हाताशी होती. एकच, शेवटची.

मग आमी तालुक्याला उमादेवी वकीलबाईकडं गेलो. कानडी बाई, पर मराठी झकास. म्हनल्या, "अक्का, कंचं साल ते पक्कं सांगा." मी म्हनले, "त्याच्या म्हयनाभर आधी आमदारकीचं मतदान झालतं. भरल्या पोटानं रांगेत उभी ऱ्हायले. बाळंत झाले तवा बोटाची शाई अजून नखात होती." बाईंनी मतदानाचं साल काढलं, जुनं पंचांग काढलं, त्या सालची येळवस बघितली आन् कपाळाला हात लावला. "अय्यो अक्का! एक जानेवारी येतीय."

मला वाटलं, बरं झालं, निघाली एकदाची. बाई म्हनल्या, "ज्याला आपली तारीख म्हायती न्हाई, त्या सगळ्यांच्या आधारकार्डावर एक जानेवारीच घातलीय. कोर्टातला साहेब म्हनंल, हीबी तसलीच." खरं ते शोधून काढलं, आन् तेच सगळ्यात खोटं दिसायलं. अंबुबाई असती तर साक्ष दिली असती, पर ती मरून गेलेली. वकीलबाई म्हनल्या, आता एकच वाट. शाळंत तारीख सांगितली बापानं, तर बापानंच कोर्टात म्हनावं, मी हौसेनं चुकीची सांगितली. व्यंकट लगेच म्हनला, "सांगतो की! लेकीसाठी एवढं न्हाई करायचं व्हय?" मैत्रेयी त्या दिवशी चार घास जास्त जेवली.

मग एका ऐतवारी बुद्धरत्न आला. हुलसूरला लाइटीच्या खात्यात हाय तो. वयाची अट अगदी संपत आली तवा लागलेला, त्या खोट्या आठ म्हयन्यांच्या जिवावर. बापाला म्हनला, "अप्पा, तुमी तिची तारीख खोटी म्हनलात तर सरकारी वकील पुढं इचारंल, मग पोराची? काय सांगताल? माझी नोकरी जाईल. मला दोन लेकरं हायत."

मैत्रेयी भाकरी थापायलीती. म्हनली, "अण्णा, मलाबी जलम एकच हाय."

"तुझं काय गं," म्हनला, "तू लगीन करून जायचीस."

माझा लेक हाय तो, तरी सांगते, त्या घडीला त्याच्या तोंडावर पीठ फेकून मारावं वाटलं. आपलेच दात आन् आपलेच ओठ, कुनाला बोलावं? धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, तशी गत झालती व्यंकटची.

कोर्टात आधी मला उभं केलं. मी सगळं सांगितलं, खोप, शाई, अंबुबाई. सरकारी वकील गालात हसायलाता. मग व्यंकटला बोलावलं. बुद्धरत्न दाराशी उभा होता. वकिलानं इचारलं, पोरगी कवा जन्मली? व्यंकट खाली बघून म्हनला, "साहेब, चौदा एप्रिललाच."

"मग तुमची बायको येळवस म्हनतीय ते?"

"ती अडानी हाय साहेब. तिला सनवाराचं काय कळतंय. घोळ करती."

बाई गं! उमादेवी मैत्रेयीच्या कानाला लागल्या, "पोराच्या तारखेचं इचारू का? तू व्हय म्हन. एका इचारन्यात सगळं उघडं पडंल." मैत्रेयीनं मान हलवली. न्हाई. त्याला दोन लेकरं हायत म्हनली. हिला कोन हाय, ह्याचा इचार त्या कोर्टात कुनाच्याच डोक्यात न्हवता.

निकाल लागायचा तो लागला. घरी आलो. व्यंकट बाहेर वट्ट्यावर बसला, आत यायला तोंड न्हवतं. मी चूलसुद्धा पेटवली न्हाई. म्हनले, "मैत्रे, बापाला सोडू नको. बोल त्याला. चार शिव्या दे. मी तुझ्या बाजूनं हाय."

तिनंच उठून चूल पेटवली. मग म्हनली, "आई, एक सांगू? मी आता अप्पाचंच खरं धरनार हाय. चौदा एप्रिल."

"कामून गं?"

"तुझं खरं धरलं तर अप्पाबी खोटा, अण्णाबी खोटा. मग मला जलमभर ह्या घरात कुनाच्या तोंडाकडं बघता येनार न्हाई. तुझंच चुकलं असं धरलं, की सगळं जागच्या जागी ऱ्हातंय."

बापानं एक तारीख सांगितली, भावानं तीच धरली, कोर्टानं तीच ठेवली, आन् आता लेकीनंबी तीच घेतली. ती येळवशीला झाली हे म्हननारी आता मी एकटीच उरले, आन् मला लिव्हता येत न्हाई.