टाकीच्या तळाची माती

रविवारी ऑफिसमधली चार मंडळी खास मासे बघायला आमच्या घरी आली... म्हणजे टाकीतले. तीन फुटी काचेची टाकी, आत हिरवीगार झाडं आणि त्यांच्यामधून फिरणारे वीस-बावीस टेट्रा. टाकी सुंदर झाली आहे. स्वतःच लिहिताना संकोच वाटतो, पण खरं आहे.

वर्षापूर्वी ह्याच टाकीतली झाडं कुजत होती. पानं पिवळी पडायची, मग विरघळून पाण्यावर यायची. मी ट्यूबलाइट वाढवल्या, मुंबईहून नवी रोपं मागवली... तीही गेली.

त्याच सुमारास अण्णा, म्हणजे माझे वडील, आमच्याकडे राहायला आले. गुडघे गेल्यामुळे गावची आंब्याची बाग भावाकडे सोपवावी लागली. कातळात सुरुंग लावून खड्डे पाडले, कलमं जगवली, आणि आता फ्लॅटमधली खुर्ची. कोणी काही विचारायला येत नाही, हे त्यांना गुडघ्यांपेक्षा जास्त दुखत होतं.

एकदा टाकीसमोर बसून त्यांनी विचारलं, "खाली काय घातलंयस?"

"वाळू. सात वेळा धुतलेली."

"म्हणजे होतं नव्हतं तेही घालवलंस! सड्यावरची तांबडी माती घाल मेल्या, वर वाळू टाक."

मी हसलो. "ही आंब्याची बाग नाही, अण्णा," असंही म्हणालो. त्यांनी पुढे महिनाभर टाकीचं नाव काढलं नाही.

मग सायबर कॅफेत एका परदेशी फोरमवर वाचलं... तिकडचे लोक पाण्यातल्या झाडांसाठी तळाला जांभ्याची, म्हणजे आपलीच तांबडी माती घालतात. पाकिटातली, विकत घेऊन! फोटोत तोच रंग, जो पावसाळाभर आमच्या पँटच्या खालच्या कडेला असतो. मी प्रिंट काढली आणि त्याच संध्याकाळी सड्यावरून, म्हणजे गावाबाहेरच्या कातळमाळावरून, पिशवीभर माती आणली.

मासे बालदीत, टाकी रिकामी, तळाला माती, वर वाळू, वाळूत उरलीसुरली रोपं. पाणी ओतलं आणि सगळी टाकी लालभडक! "धबधबा कसला सोडतोस? ताटली ठेव, तिच्यावर ओत," अण्णा खुर्चीतून ओरडले. पुन्हा पहिल्यापासून, सावकाश भरली. दोन महिन्यांत मागची काच पानांनी झाकली...

तर रविवारी अण्णा पाहुण्यांना सांगत होते, "ट्यूबलाइटी लावल्यान, मुंबईची रोपं आणलीन. शेवटी माझं ऐकलंन, तेव्हा झाडांनी जीव धरला!" आवाज थेट बागेतला. कितीतरी दिवसांनी ऐकला.

मी मान डोलावली. पण पाहुणे गेल्यावर राहवेना. मी त्यांचं ऐकलंच नव्हतं, कागदाचं ऐकलं होतं. हे सांगून त्यांचा आनंद का घालवायचा? आणि न सांगावं, तर मी त्यांची लहान मुलासारखी समजूत काढतोय, असं होत नाही का?

शेवटी ती प्रिंट त्यांच्या हातात दिली आणि सगळं सांगून टाकलं.

अण्णांना इंग्रजी येत नाही. चष्मा लावून त्यांनी फोटोतली माती मात्र नीट बघितली. "ह्या गोऱ्याला कोणी सांगितलंन?"

"काय माहीत."

"त्याच्या बापसाने. आणि तोही आधी हसला असणार."

मग कागदाची घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवली.

टाकीचा मला अभिमान आहेच... अण्णांचा त्याहून जास्त. हे त्यांना अजून तोंडावर सांगितलेलं नाही, म्हणून आधी इथे लिहितोय. आज घरी गेल्यावर सांगतो.