वृद्धाश्रमाच्या गच्चीवरची भट्टी

छत्तीस वर्षांच्या नोकरीत किती दरोडे उकलले, किती फरारी पकडले, ते सगळं आता एकमेकांत मिसळून गेलंय. पण त्या गच्चीवरचा आंबट वास मात्र काल घेतल्यासारखा नाकात आहे.

शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि मी तिथल्या एका ठाण्याचा निरीक्षक होतो. माझ्या नाकाबद्दल त्या काळी खात्यात काय बोललं जायचं ते मी स्वतः सांगणं बरं दिसत नाही, पण सांगतो. श्वानपथकातली कुत्री मला बघितलं की शेपूट खाली घालायची. हातभट्टीवाले आधी वाऱ्याची दिशा बघायचे. वारा ठाण्याकडं असला की त्या दिवशी धंदा बंद. यातलं निम्मं खरं आहे. कुठलं निम्मं ते विचारू नका.

एका सोमवारी सकाळी, उन्हाळ्याच्या तोंडावर, ठाण्यात एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, कडक इस्त्रीचा शर्ट, सरकारी कचेरीत नोकरी. मूळचे पिशोरचे, शेतकरी घरातले. आईचा खुबा मोडला, ऑपरेशन झालं. घरात नवरा-बायको दोघं नोकरीला, घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणून शहराबाहेरच्या एका वृद्धाश्रमात, जिथं नर्स असते, व्यायाम करून घेणारा माणूस असतो, तिथं आठ महिन्यांपूर्वी आईला ठेवलं होतं. दर रविवारी ते भेटायला जायचे.

"साहेब, माझ्या आईला तिथं काहीतरी पाजतात," ते म्हणाले.

"कशावरून?"

"तीन रविवार झाले. मी गेलो की ती पेंगत असते. लुगड्याला आंबूस वास. तळहाताला फोड. विचारलं तर हात पदराखाली घेते आणि म्हणते, जा आता, ऊन व्हायच्या आत घरी जा. पूर्वी निघालो की रडायची, साहेब. आता हसते!"

आई हसते म्हणून रडकुंडीला आलेला मुलगा मी पहिल्यांदाच पाहत होतो. अर्ज लिहून घेतला.

योगायोग बघा, त्याच दुपारी माझा खबऱ्या आला. हा शहागंजात हातगाडी ओढायचा. शहागंजात कुणी शिंकलं तर त्याचं कारण याला आदल्या दिवशी माहीत असायचं.

"साब, पक्की खबर है," खुर्चीला टेकत तो म्हणाला. "वो बुड्ढे लोगां रहते ना, उनके छत पे भट्टी चढ़ेली है."

"काय बडबडतोस? ऐंशी-ऐंशी वर्षांची माणसं ती."

"मेरी गाड़ी पे गई ना देगची! बिछायतवाले के पास से किराए पे. इत्ती बड़ी, उसमें तुम बैठ जाते. गेहूं का कट्टा बी मैंच छोड़ के आया. छत पे पीपे भरेले हैं, ऐसी सड़ेली बास आरी के मेरी आंख में पानी आ गया. सुबह-सुबह धुआं. अब बोलो."

मी दोन आणि दोन जोडले आणि उत्तर बावीस काढलं. वृद्धाश्रमाच्या आडून हातभट्टी! म्हाताऱ्यांना राबवायचं, थकली की त्यातलीच पाजून झोपवायचं. शहरात असा गुन्हा झालेला नव्हता आणि तो उघडकीला आणणारा अधिकारी मी होतो. फोटोत टोपी सरळ दिसावी म्हणून मंगळवारी मी केससुद्धा कापून घेतले.

छाप्याची तयारी सुरू झाली. दोन पंच बोलावले, बाटल्या, लाख, सील सगळं गाडीत. पथकात एक महिला शिपाई होती, कन्नडकडची, कामाला चोख. ती दोनदा म्हणाली, "साहेब, गहू आणि आंबट वास म्हणजे मला वाटतं..."

"वाटण्यावर तपास चालत नाही बाई," मी म्हणालो. "तपास पुराव्यावर चालतो."

आता इथं एक गोष्ट कबूल करायला हवी. आमचं घराणं मेंढरांमागं फिरणारं. वर्षातले आठ महिने रानोमाळ; आज या शिवारात मुक्कामाचा वाडा बसला तर चार दिवसांनी पुढच्या. एका जागी तीन दिवस भिजवून ठेवायचं असं काही आमच्या आईनं कधी केलंच नाही. म्हणून काही वास माझ्या प्रख्यात नाकानंही घेतलेले नव्हते.

बुधवारी सकाळी, नुकतं उजाडलेलं, आम्ही वृद्धाश्रमाला वेढा घातला. दाराशी व्यवस्थापिका बाई भेटल्या. गच्चीचं नाव काढताच त्यांचा चेहरा पांढरा पडला. "साहेब, मला काही माहीत नाही. म्हणजे आहे. म्हणजे, नियमात बसत नाही हो ते!" झालं, माझी खात्री पटली. जिने मी तीन-तीन पायऱ्या ओलांडत चढलो, गच्चीचं दार लाथेनं उघडलं आणि ओरडलो, "कुणी हलायचं नाही!"

कुणी हलण्यासारखं नव्हतंच. अकरा म्हातारी माणसं. दोघं चाकाच्या खुर्चीत, तिघांच्या हातात काठ्या. मधोमध विटांच्या चुलीवर ती देगची, तिच्यात काहीतरी पांढरं खदखदतंय. आणि वॉकरला एका हातानं धरून, दुसऱ्या हातात वल्ह्याएवढा लाकडी दांडा घेतलेली एक सडपातळ आजी.

"ए, कोन हाय रं त्यो? बूट काढ आधी!" आजी गरजली. "लुगड्यावर पाय दिलास तर ह्यो दांडा बघितला का?"

खाली पाहिलं. सबंध गच्चीभर धुतलेली लुगडी आणि धोतरं अंथरलेली, आणि त्यावर पांढरी-पांढरी गोल जाळी. मी बूट काढले. पथकानं काढले. अनवाणी छापा घातलेला अधिकारी महाराष्ट्र पोलिसात मी एकटाच असेन.

पिंपाजवळ गेलो. वास असा की डोळ्यांत पाणी. "हे काय आहे?"

"गव्हाचं पानी."

"मग वास कसला येतोय?"

"तीन दिस भिजलेला गहू काय अत्तरावानी वास देतो व्हय? पोलीस हायेस का कोन हायेस? तुज्या आईनं कुरडया केल्या नाय का कदी?"

माझ्या मागून महिला शिपाई हळूच म्हणाली, "साहेब, कुरडयांचा चीक आहे. मी कालपासून तेच सांगतेय."

खाली पडलेलं तोंड उचलायला वेळ मिळावा म्हणून मी पंचनामा सुरू केला. पहिल्या पंचानं चीक बोटानं चाखला. दुसऱ्यानं वाटी मागितली. एका आजीनं त्यावर तेल आणि तिखट घालून दिलं. पंचनामा संपेपर्यंत मुद्देमाल निम्म्यावर आला होता आणि माझ्या हातातली ती तिसरी वाटी होती.

पण मुलाचा अर्ज अजून होताच. हातावर फोड होते, माणसं राबली होती. राबवलं कुणी? एकेकाला खालच्या जेवणाच्या खोलीत बोलावून जबाब घ्यायला बसलो. सराईत गुन्हेगार माझ्यापुढं पाच मिनिटांत पोपटासारखे बोलायचे, पण ही टोळी वेगळीच होती. अकराच्या अकरा जणांनी गुन्हा कबूल केला, आणि प्रत्येकानं एकट्यानं! एका बाजूला लकवा मारलेले निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, "गव्हाचं पोतं मीच वर नेलं."

"गुरुजी, तुम्हाला चमचा उचलवत नाही."

"लिहा तुम्ही. शुद्धलेखन मी तपासतो."

नर्सनं मला बाजूला घेऊन सांगितलं की, व्यायाम करून घेणारा माणूस वर्षभर विनवायचा तरी गुरुजी तो हात हलवायचे नाहीत. आता सोऱ्याचा दांडा त्याच हातानं फिरवतात. दुसऱ्या एक बाई सकाळी दहापर्यंत भिंतीकडं तोंड करून पडून असायच्या. त्या आता सहाला सगळ्यांना उठवतात. नियमाप्रमाणं इथल्या माणसांनी चुलीजवळ जायचं नाही. म्हणून नर्स आणि व्यवस्थापिका दोघींनी मिळून काही पाहिलंच नव्हतं.

शेवटी पिशोरच्या आजी आल्या. मी दम दिला, "आजी, खरं बोला. हे काम कुणी लावलं?"

"तू कुनीकडचा रं?"

"प्रश्न मी विचारतो."

"इचार की. कुनीकडचा?"

"लासूर स्टेशनकडचा."

"मेंढरं व्हती ना तुमच्याकडं? वाटलंच मला. म्हनून कळलं नाय तुला. जेवलास का?"

पंधरा मिनिटांत त्यांना माझं गाव, घराणं, मुलंबाळं, माझी शुगर, सगळं कळलं. मला त्यांचं काहीच नाही. हरून पुन्हा गच्चीवर गेलो आणि तिथं कोपऱ्यात एका नव्या कोऱ्या धोतरावर पाच वेगळ्याच कुरडया दिसल्या. एक गुलाबी, एक हिरवी, दोन पिवळ्या आणि मधली पांढरी. ती तर, खोटं सांगत नाही, बैलगाडीच्या चाकाएवढी.

या वेळी मी शहाणा झालो होतो. महिला शिपाईला विचारलं, "बाई, तुम्हाला काय वाटतं?"

"साहेब, हे खायचं नाही. हे रुखवताचं आहे. नवरीकडून मांडवात मांडायचं."

खाली येऊन आजीसमोर बसलो. "लग्न कुणाचं आहे, आजी?"

आजी हाताचे फोड बोटानं चाचपत राहिल्या. मग म्हणाल्या, "नातीचं. फुडच्या आयतवारी. तुमच्या लासूर टेशनालाच."

"मग घरी सांगायचं ना. लपून कशाला?"

"ल्योक म्हनला, आई, तुला गर्दीत जमायचं नाय. लगीन झालं की जोडी पाया पडाया हितं आनतो. त्याला वाटतं मला कळत नाय. पाव्हन्यांला त्यानं सांगितलंय, आई पिशोरला असती म्हनून. मी मांडवात गेले की कुनीतरी इचारनार ना, म्हातारे, ऱ्हातीस कुटं?" त्यांनी पदर सारखा केला. "रुखवत बाजारातून आननार हायेत. ह्ये मी हितल्या शिपायाच्या हातानं गुपचूप धाडनार व्हते. म्या नाय गेले तर नाय गेले. माजा हात तरी मांडवात गेला पायजे."

मी लेखणी खाली ठेवली. जबाबात लिहिण्यासारखं ते नव्हतं.

मुलाला बोलावून घेतलं. ते स्कूटरवरून धापा टाकत आले. गच्चीवर आई चुलीपुढं उभी दिसली आणि ते जागीच थांबले. आठ महिन्यांत आईला त्यांनी खाटेवरच पाहिलं होतं.

"आलास? हात धू, चीक खा," आजी म्हणाल्या.

मी त्यांना सगळं सांगितलं. कडक इस्त्रीच्या शर्टाची बाही डोळ्यांना लावत ते म्हणाले, "साहेब, गावात लोक म्हणतात, आईला टाकली. नव्या पाव्हण्यांना कळलं तर पोरीला सासरी टोमणे बसतील."

"टाकली?" आजी कडाडल्या. "मला टाकाया मी काय शिळी भाकर हाय? अरं, तुज्या तिसऱ्या मजल्यावर दिसभर भित्ताडाशी बोलत व्हते मी. हितं भांडाया माणूस हाय! मीठ किती घालायचं त्याच्यावर कालपास्नं चार बायका बोलत नायेत माज्याशी. हितं ठिवलंस त्याचं मला काय नाय वाटलं. पन पाव्हन्यांपसून झाकून ठिवलंस, त्ये लई लागलं रं."

आता मी मधे पडलो. माझ्यातला लबाड माणूस अशा वेळी फार उपयोगी पडतो. "तुम्ही अर्जात लिहिलंय, आईवर पोलिसांनी लक्ष ठेवावं. मंजूर. पुढच्या रविवारी आई पोलीस बंदोबस्तात लासूर स्टेशनला हजर राहील. सोबत दहा साक्षीदार आणि मुद्देमाल. अर्ज मागं घेतला तरी बंदोबस्त मागं घेतला जाणार नाही."

त्या रविवारी लासूर स्टेशन भागात माझं काही शासकीय काम निघालं. कसलं ते विचारू नका, कागद तयार होता. पोलीस गाडीत कधी इतकी सभ्य माणसं बसली नव्हती आणि इतकी भांडलीही नव्हती. मोठी कुरडई महिला शिपाईच्या मांडीवर. प्रत्येक खड्ड्याला अकरा तोंडांनी एकच "सांभाळ गं!"

मांडवात रुखवत मांडलं आणि गर्दी लोटली. बाजारातून आणलेलं सगळं त्या कुरडईपुढं खेळण्यासारखं दिसत होतं. नवऱ्या मुलाची आजी, ऐंशीच्या घरातली, करारी बाई, पुढं आली. चाकाएवढ्या कुरडईभोवती तिनं एक फेरी मारली आणि विचारलं, "ह्ये कुनी केलं?"

मी मुलाकडं पाहिलं. कपाळावर घाम. बायकोकडं पाहिलं त्यांनी, मग खुर्चीत बसलेल्या आईकडं. आणि मोठ्यानं म्हणाले, "माझ्या आईनं. आणि हिच्या सोबतच्या या मंडळींनी. पिशोरला नाही राहत ती. शहरात वृद्धाश्रमात राहते. मीच ठेवलंय. तुमच्याशी खोटं बोललो, माफ करा."

मांडवात अशी शांतता पसरली की सनईवाल्याला वाटलं मुहूर्त टळला. त्यानं सनई तोंडातून काढली.

करारी आजीनं आमच्या अकरा जणांना एकेक करून निरखलं. गुरुजी कोशिंबिरीवरून शेजारणीशी वाद घालत होते. मग ती वाकून पिशोरच्या आजीला म्हणाली, पण सगळ्या मांडवाला ऐकू गेलं:

"विहीनबाई, तितं येखादी खाट रिकामी हाय का?"

नवऱ्या मुलाच्या बापाचा चेहरा बघण्यासारखा झाला. बाकी मांडव हसून हसून लोळला. सनईवाल्याला पुन्हा सूर लागायला दहा मिनिटं गेली.

तीन महिन्यांनी ती आजी खरंच तिथं राहायला आली. लपूनछपून नाही. पोचवायला मुलगा, सुना, नातवंडं, शेजारीपाजारी, दोन जीपभरून माणसं आली होती. त्याच आठवड्यात मिठाच्या वादात पाचवी बाई सामील झाल्याची बातमी मला ठाण्यात मिळाली.

या केसनं मला शिकवलं ते थोडंच. एक, हाताखालच्या बाईला काही वाटत असेल तर ते आधी ऐकून घ्यावं, नाकाचं नंतर बघावं. आणि दुसरं असं की, पुढं निवृत्त होईपर्यंत म्हाताऱ्या आईबापाबद्दल कसलीही तक्रार घेऊन कुणी ठाण्यात आला की मी कागद पुढं ओढायच्या आधी एकच विचारायचो: "ते कुठं राहतात, हे तुमच्या पाव्हण्यारावळ्यांना माहीत आहे का?"

निम्मी माणसं तिथंच खाली बघायची, आणि निम्मा तपास तिथंच संपायचा.