सासूबाईंना सप्रेम भेट

माझ्या सासूबाईंच्या अंगात भूत आहे, असं मी आजवर कुणालाही, कुठेही, कोणत्याही प्रसंगी म्हटलेलं नाही. मनातसुद्धा नाही. (मनात म्हणायलाही धाडस लागतं, आणि सासूबाईंना मनातलं ऐकू येतं असा माझा दाट संशय आहे.) तरीही नव्वदच्या दशकात नेरूळला आमच्या सोसायटीत राहिलेल्या कुणालाही विचारा. तो टाळी देऊन सांगेल, "मोहन ना? सासूला केबलवर भूत म्हटलं, तोच!" हा धडधडीत अन्याय आहे! म्हणून काय घडलं ते मी एकदाचं सांगून टाकतो.

सासूबाई कराडकडच्या. आधीच्या खेपेला आल्या तेव्हा त्यांनी पुरणपोळीचा बेत केला होता. आम्ही कोकणातले, पुरणपोळीवर नारळाचं दूध घेणारे; कटाची आमटी पातळच असते हे मला कोण सांगणार? मी आपलं काळजीने म्हणालो, "आमटीत पाणी जरा जास्त पडलं का?" झालं! सासूबाईंनी हातातला डाव खाली ठेवला, पिशवी भरली आणि संध्याकाळच्या एसटीने निघून गेल्या. त्यानंतर दोन वर्षं त्या आमचा उंबरा चढल्या नाहीत. माझी बायको सुनंदा दर सणाला माहेरची आठवण काढायची आणि माझ्याकडे बघायची.

शेवटी दोन वर्षांनी त्यांचा राग निवळला आणि त्या आल्या. सुनंदाने मला स्वयंपाकघरात ओढून दम दिला, "अहो, या खेपेला आईपुढे तोंड उघडायचं नाही. काही करायचंच असेल तर तिला आवडेल असं काहीतरी करा."

मी केलं. इथेच चुकलं.

सासूबाईंना रडायचे चित्रपट अतोनात आवडायचे. लेक सासरी निघाली की यांचा पदर डोळ्याला. तेव्हा आमच्याकडे दिलीप केबलवाला होता. पिठाच्या गिरणीवर त्याची खोली, तिथे व्हीसीआर लावून तो अख्ख्या सोसायटीला रविवारी दुपारी पिक्चर दाखवायचा. खाली पट्टी फिरायची: अमक्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा, तमक्याचं मांजर हरवलंय, वगैरे. मी त्याच्याकडे गेलो.

"दिलीप, रविवारी तो माहेरवाला पिक्चर लाव."

"कुठला माहेरवाला, साहेब?"

"अरे, तोच. बायका रडतात तो."

"नवीन आलाय एक माहेरवाला. बायका जाम रडतात. लहान पोरं पन रडतात."

"पोरंसुद्धा?" मी भारावलोच. "मग तोच लाव!"

"सासूबाई आल्यात ना तुमच्याकडं? त्यांना चालेल?"

"त्यांच्यासाठीच तर लावतोय!"

दिलीपने माझ्याकडे जरा निराळ्याच नजरेने बघितलं. मला वाटलं, एवढा प्रेमळ जावई त्याने कधी पाहिला नसेल. त्या भरात मी त्याला पट्टीसुद्धा सांगितली, "आमच्या लाडक्या सासूबाईंना सप्रेम भेट. मोहन, बी विंग, पहिला माळा." आता तुम्हीच सांगा, नावात 'माहेर' असलेल्या चित्रपटात रडण्याखेरीज दुसरं काही होऊ शकतं, अशी शंका कुठल्या मराठी माणसाला येईल?

रविवारी मी स्वतः जिने चढून-उतरून आमंत्रणं दिली. "घरोघरी टीव्ही लावा! आणि रुमाल जवळ ठेवा!" वरच्या मजल्यावरच्या नसीमाचाची आमच्याकडेच येऊन बसल्या. (त्या श्रीवर्धनच्या, त्यांचे यजमान लाद्यांचे व्यापारी.) करावे गावातून मासळी घेऊन येणारी पारूबाय टोपली रिकामी झाली म्हणून दाराशीच टेकली. सासूबाई मधोमध खुर्चीत, चष्मा पुसून तयार. मी त्यांच्या हातात घडी घातलेला कोरा रुमाल दिला.

"जावईबापू, लई केलंत हो माज्यासाठी," सासूबाई म्हणाल्या. सुनंदाने माझ्याकडे प्रेमाने पाहिलं. लग्नानंतर इतक्या प्रेमाने प्रथमच.

सुरुवात तर काय झकास होती! वाकडीतिकडी पायवाट, हातात ट्रंक घेतलेली लेक, मागे जावई, आणि दारात भाकरतुकडा घेऊन उभी असलेली आई. ती आई सासूबाईंच्याच वयाची. तसंच नऊवारी लुगडं, तसाच चष्मा, कुंकूही तेवढंच मोठं. "अगं बया, माज्यावानीच दिसतीया," म्हणत सासूबाईंनी रुमाल उघडला.

आईने लेकीवरून भाकरतुकडा ओवाळला. मग जावयाकडे वळली. तिचे डोळे पांढरेफटक झाले. तिने भाकरीचा तुकडा जावयाच्या तोंडावर फेकला, घोगऱ्या पुरुषी आवाजात हसली, आणि नऊवारीसकट भिंतीवर चढली!

त्याच क्षणी खालून पट्टी निघाली. 'आमच्या लाडक्या सासूबाईंना सप्रेम भेट...'

ती पट्टी अशी निवांत की 'मोहन, बी विंग, पहिला माळा' निघून जाईपर्यंत पडद्यावरची सासू आढ्यापर्यंत पोचून उलटी लोंबकळत होती.

"अहो!" सुनंदा एवढंच म्हणाली.

मी टीव्ही बंद करायला झेपावलो.

"बसा खाली," सासूबाई म्हणाल्या. आवाज अगदी शांत होता. "भेट दिलीया न्हवं? मग समदी बगायला नगं?"

मी बसलो. त्यानंतर मी जे सोसलं ते वैऱ्यालाही सोसावं लागू नये! त्या पट्टीला जणू अक्कलदाढच आली होती. सासूने कोंबडीच्या मानेत दात रोवले, की 'आमच्या लाडक्या सासूबाईंना'. सासूची मान गर्रकन पाठीकडे फिरली, की 'सप्रेम भेट'. तिने जावयाच्या नरड्याला हात घातला, की 'मोहन, बी विंग'! मी बाल्कनीतून गिरणीकडे ओरडलो. गिरणीवाला खालून म्हणाला, "दिलीप क्यासेट लावून, कुलूप घालून वाशीला गेला. संध्याकाळी येईल!"

बरं, प्रेक्षकांनी तरी एकमताने घाबरावं! तेही नाही. नसीमाचाची ओढणीने तोंड झाकून, ओढणीच्या फटीतून एकही दृश्य न चुकवता बघत होत्या. वर तक्रार सुरूच, "अगो बाई, सगळी भांडी फोडली हिने! आता आवरणार कोण? ती लेक बाळंतपणाला आलेली ना?" पारूबाय तर हसत होती! "ह्यो कसला भूत? आमचे गावान कोनाला खाडीचा वारा लागला, त तो असा भितीवर नाय चढत. गप बसतं नि मच्छी मांगतं." सुनंदा रडत होती. एक तरी रुमाल कामी आला म्हणून मला बरं वाटायच्या आत ती फुसफुसली, "दोन वर्षांनी आली होती हो माझी आई!"

आणि सासूबाई? त्या पापणी न लवता बघत होत्या. शेवटी मांत्रिकाने हळदीचं पाणी शिंपडलं, तेव्हा भूत सासूला सोडून जावयाच्या अंगात शिरलं आणि जावयाने विहिरीत उडी घेतली.

"शेवट बेस केलाय," सासूबाई म्हणाल्या, आणि उठून आत गेल्या.

मी त्यांच्या मागे जाणार, तोच दाराची बेल वाजली. बाहेर जिन्यात ही गर्दी! प्रत्येकाची तक्रार वेगळी, आणि प्रत्येक तक्रारीला जबाबदार मी! जणू चित्रपट मीच काढला होता आणि भिंतीवरही मीच चढलो होतो.

"माझा नातू बाथरूमला एकटा जाईना!" तळमजल्यावरचे कुलकर्णी ओरडले. "वर म्हणतो, मोहनकाकांनी सांगितलंय रुमाल घेऊन बस! रुमालाने काय होतंय आता!"

"छे, छे, भीती कसली?" ए विंगमधल्या परबांना उलटाच संताप. "मी दुपारची झोप सोडून बसलो. एवढं भूत दाखवायचं तर नीट दाखवा! दोर दिसत होता दोर!"

"सोसायटीत अंधश्रद्धा पसरवता?" आमचे चेअरमन कडाडले. हेच चेअरमन नवीन स्कूटरला लिंबूमिरची बांधून हिंडायचे, पण तो विषय काढायची ही वेळ नव्हती.

तेवढ्यात दुसऱ्या माळ्यावरच्या सावंतांनी गर्दीतून वाट काढत येऊन मला मिठीच मारली. "मोहनराव, मानलं! पंधरा वर्षं माझ्या मनात आहे, ते तुम्ही एका पट्टीत सांगून टाकलंत!" मिठी सुटल्यावर त्यांना मागे उभी असलेली बायको दिसली. सावंत पुढे महिनाभर खानावळीत जेवत होते. त्याचाही ठपका माझ्यावरच!

"अहो, मला ठाऊकच नव्हतं!" मी बेंबीच्या देठापासून ओरडलो. "मला रडायचा पिक्चर हवा होता! हा त्या दिलीपचा गाढवपणा आहे!"

"कोनाचा गाढवपना?" जिन्याच्या खालून आवाज आला. वाशीहून परतलेला दिलीप कमरेवर हात ठेवून उभा. "साहेब, देवाशपथ सांगा, मी विचारला का नाय, सासूबाईंना चालेल का? तुमी काय बोलले? त्यांच्यासाठीच लावतोय! पोरं रडतात सांगितला, तर बोलले, मग तोच लाव!"

"असं म्हणाले?" कुलकर्णी.

"वर पट्टी पन टाकायला लावली. 'लाडक्या' शब्द पन त्यांचाच!"

एकेक शब्द खरा होता, तीच तर पंचाईत! आतून सुनंदाचा रडवेला आवाज आला, "आई, पिशवी ठेव गं खाली. आई, ऐक ना!"

आणि सासूबाई दारात आल्या. हातात पिशवी. जिन्यातले सगळे नकळत एकेक पायरी खाली उतरले. (सावंत तर थेट वरच्या माळ्यावर गेले.) मी हात जोडले. म्हणालो, "आई, तुमच्या पायाची शपथ, मी मुद्दाम नाही केलं."

त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं. मग पिशवी माझ्या पायाशी ठेवली आणि जिन्याकडे वळल्या.

"काय वो, कशापायी वरडताय त्याच्यावर?" सासूबाई म्हणाल्या. "म्या समदा पिक्चर त्याच्या तोंडाकडं बगूनच काडला. पिक्चर सुरू झाला तवा जो पांडरा पडला त्यो, शेवटपतूर तसाच. असला डाव मुद्दाम खेळाया डोस्कं लागतं. माज्या जावयाला तेवडी अक्कल न्हाई!"

माझा ऊर भरून आला. सासूबाई माझी बाजू घेत होत्या! भर जिन्यात, सगळ्यांसमोर! आणि मग वाक्याचा उत्तरार्ध डोक्यात शिरला.

मला वाटलं, आता तरी कुणीतरी म्हणेल, "असं नका म्हणू हो, मोहनराव हुशार आहेत." उलट सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकदम समाधान पसरलं, कोडं सुटल्यासारखं.

"हां, हे पटतं," कुलकर्णी म्हणाले.

"बरोबर. मुद्दाम नाही करू शकत," परब म्हणाले.

"बोलायचा ना आदी," दिलीप हळहळला. "उगाच शपथा घालाया लावल्या."

चेअरमन तर माझ्या खांद्यावर थोपटून गेले. नसीमाचाचींनी "बिचारा" म्हटलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं. मी मोठ्या आशेने सुनंदाकडे बघितलं. ती डोळे पुसत, आईच्या खांद्यावर डोकं ठेवून, आनंदाने मान हलवत होती!

आता मात्र माझी सहनशक्ती संपली. दहावीला गणितात वर्गात पहिला आलेला माणूस मी! कचेरीत साहेब मला विचारल्याशिवाय सही करत नाहीत!

"एक मिनिट!" मी गरजलो. "आई, तुम्ही वडीलधाऱ्या आहात म्हणून ऐकून घेतलं. पण हे मला मान्य नाही. मला अक्कल आहे! भरपूर आहे!"

जिना उतरणारी माणसं थांबली. सासूबाई सावकाश माझ्याकडे वळल्या. वाकून त्यांनी पिशवीचे बंद हातात घेतले आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, "आस्सं? म्हंजे मुद्दाम केलंत?"

मी एकवार सुनंदाकडे बघितलं, एकवार पिशवीकडे बघितलं, आणि अख्ख्या सोसायटीला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात सांगितलं, "नाही आई. अजिबात अक्कल नाही!"